ओळख नाही, पैसा नाही, पिक्चर कसा करू?

प्रश्न: ताई, मी बीडकडची, आईबाबा ऊसतोडीला जातात. कोपीवर, म्हणजे ऊसतोड्यांच्या झोपडीत, वाढणाऱ्या मुलींची फीचर फिल्मची गोष्ट लिहिलीय पण मुंबईत कुणी ओळखीचं नाही. पैसे नि मार्गदर्शन कुठं मिळेल?

उत्तर: अगं, आधी निर्मात्यांचे उंबरे झिजवू नकोस, स्क्रिप्ट पक्की कर. गोव्यात इफ्फी या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या वेळेस एनएफडीसी या सरकारी चित्रपट महामंडळाचा फिल्म बझार (आता नाव वेव्हज फिल्म बझार) हा सिनेमावाल्यांचा बाजार भरतो, २००७ पासून, त्यातल्या स्क्रीनरायटर्स लॅबमध्ये निवड झाली की अनुभवी मेंटॉर तुझ्या स्क्रिप्टवर तुझ्यासोबत बसतात, आणि मला विचारशील तर हे पैशांपेक्षा मोलाचं आहे. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅम चित्रपट महोत्सवाचा ह्युबर्ट बाल्स फंड तर स्क्रिप्टच्या टप्प्यावरच पैसे देतो, चैतन्य ताम्हाणेच्या ‘कोर्ट’ला तो मिळालेला. रोहन कानवडेचा ‘साबर बोंडं’ व्हेनिसच्या बिएनाले कॉलेज या नवख्या दिग्दर्शकांसाठीच्या कार्यशाळेतून पुढं आला नि २०२५ ला अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात वर्ल्ड सिनेमाचं ग्रँड ज्युरी प्राइझ जिंकला, मराठीच पिक्चर!

अर्ज इंग्रजीत लागतो, पण डिरेक्टर्स नोट, म्हणजे पिक्चर तू कसा बघतेस ते सांगणारं टिपण, आधी मराठीत लिही, भाषांतर कुणीही करून देईल. त्यात ‘ऊसतोड कामगारांची समस्या’ असलं काही नको. पहाटे अंधारात कोपीतून उठून धाकट्याला सांभाळणारी ती पोरगी कॅमेऱ्याला कशी दिसणार, ते लिही. फी किती, तारीख कोणती, हे त्या-त्या संस्थेच्या साइटवरच बघ, एजंटला एक रुपया देऊ नकोस.