डॉल्फिनचे शो आणि मत्स्यालयं पाहून लोकांना समुद्री प्राण्यांची खरंच काळजी वाटू लागते का?

तुम्ही विचारलंय की मुलांना अशा ठिकाणी न्यावं की नाही, आणि डॉल्फिन प्रत्यक्ष पाहिला की माणूस समुद्र वाचवायला लागतो हा या उद्यानांचा दावा कितपत खरा आहे. हा प्रश्न मी बरीच वर्षं टाळत आले, कारण तो दावा करणाऱ्यांच्या पगारावर मी राहिले आहे.

थोडक्यात सांगायचं तर डॉल्फिनचा खेळ दाखवायला नेऊ नका. मत्स्यालयात न्या, पण सरसकट कुठल्याही नाही.

मी परदेशातल्या एका सागरी उद्यानात सहा वर्षं फिश किचनमध्ये होते. उद्यानाचं नाव लिहीत नाही. पहाटे पाचला काम सुरू व्हायचं. आदल्या रात्री फ्रीझरमधून काढलेले हेरिंग, कॅपेलिन, बांगडे एकेक करून हातात घ्यायचे. पोट फुटलेला, डोळा खोल गेलेला मासा बाजूला काढायचा. गोठवून वितळवलेल्या माशातलं बी-1 जीवनसत्त्व कमी होतं, म्हणून त्याच्या गोळ्या माशाच्या कल्ल्याआड खुपसायच्या. डॉल्फिन समुद्राचं पाणी पीत नाही, त्याला लागणारं पाणी माशातूनच मिळतं. गोठवलेल्या माशात ते कमी पडतं, म्हणून वेगळ्या जिलेटिनच्या वड्या द्यायच्या. प्रत्येक प्राण्याची बादली वेगळी, वजन वेगळं, नोंद वेगळी. त्या बादल्यांचा मला अभिमान होता आणि आजही आहे. तिथल्या एकाही प्रशिक्षकाला मी जनावराशी वाईट वागताना पाहिलं नाही. हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं वाचून कुणी माझ्या जुन्या सहकाऱ्यांना कसाई ठरवू नये.

आमच्याकडे एक म्हातारा बॉटलनोज डॉल्फिन होता, लहानपणी समुद्रातून धरून आणलेला. शो नसला की तो टाकीत एकाच दिशेने फिरत राही. तीच भिंत, तोच कोपरा, त्याच जागी श्वास. काचेपलीकडून लोक म्हणायचे, बघ कसा हसतोय! डॉल्फिनच्या जबड्याची ठेवणच तशी असते. मेलेला डॉल्फिनसुद्धा हसतानाच दिसतो, आणि हे मी त्याच्याकडूनच शिकले. माझ्या नोकरीच्या सहाव्या वर्षी तो गेला.

दुसऱ्या दिवशी उद्यानाच्या दारात फुलांचा ढीग लागला. मुलांनी काढलेली चित्रं आली, पत्रं आली, मेणबत्त्या लागल्या. एक आजी रोज येऊन दाराशी बसायच्या. ते दुःख खोटं नव्हतं, मीही रडले.

त्याच आठवड्यात किनाऱ्यावर एक मेलेला पॉरपॉइज सापडला. पॉरपॉइज म्हणजे डॉल्फिनचाच बुटका, लाजाळू भाऊबंद. तो शवविच्छेदनासाठी आमच्या मागच्या इमारतीत आणला. माणसं कमी होती म्हणून टेप धरायला मला बोलावलं. लांबी 146 सेंटीमीटर. अंग चांगलं भरलेलं, चरबीचा थर जाड, आजार कुठेच नाही. तोंडाच्या कडेला आणि परांच्या पुढच्या धारेवर बारीक सरळ रेघा, दोऱ्याने कापल्यासारख्या. श्वासनलिकेत फेस. पोटात जवळजवळ न पचलेले हेरिंग, म्हणजे मरण्याआधी थोडाच वेळ तो खात होता. डॉक्टरांनी नोंदवलं, गिलनेटमध्ये अडकून गुदमरणं. पाण्यात भिंतीसारखं उभं राहणारं ते जाळं या प्राण्यांना वेळेत कळत नाही, आणि अडकले की श्वासाला वर येता येत नाही. त्या टेबलाभोवती आम्ही चारजण होतो. हेरिंग तेच, जे मी त्या सकाळी बादल्यांत भरलं होतं. बाहेर फुलं अजून येतच होती.

रात्री ताईचा फोन आला. ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. प्राण्यांसाठी तिचा जीव तुटतो आणि माझी ती नोकरी तिला पहिल्या दिवसापासून मान्य नव्हती. म्हाताऱ्याची बातमी तिच्यापर्यंत पोचली होती. ती म्हणाली, "मारलंत तुम्ही त्याला." मी तिला पॉरपॉइजबद्दल सांगायला लागले, तर म्हणाली, "विषय बदलू नकोस." त्यानंतर सात महिने आम्ही बोललो नाही. विषय मी बदलत नव्हते, पण दोन्ही मिळून एकच विषय कसा, हे मला तेव्हा सांगता आलं नाही.

दुसऱ्या बाजूला आमचे साहेब. त्यांचं म्हणणं, हे प्राणी आपल्या जातीचे राजदूत आहेत. माणूस ज्याला पाहतो त्यावर प्रेम करतो, आणि प्रेम करतो त्यालाच वाचवतो. तुम्ही विचारलेला दावा तो हाच. इतिहासात त्याला आधार आहे, हे मान्य करायला हवं. 1961 साली कॅनडाच्या मत्स्य खात्याने ऑर्कांना, म्हणजे काळ्या-पांढऱ्या 'किलर व्हेल'ना, मारण्यासाठी किनाऱ्यावर मशीनगन बसवली होती. ती चालवली गेली नाही, पण बसवताना कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. 1964 मध्ये व्हँकुव्हरच्या मत्स्यालयाने मूर्तीचा नमुना म्हणून एक ऑर्का मारून आणायला माणसं धाडली. हार्पून, म्हणजे दोरी बांधलेला भाला, लागूनही तो मेला नाही, म्हणून त्याला ओढत जिवंत आणलं. तीन महिन्यांच्या आत तो गेला, पण तेवढ्या काळात लोकांनी पाहिलं की हा राक्षस माणसावर धावत नाही. तिथून ऑर्काबद्दलची नजर बदलू लागली, यात शंका नाही.

पण त्याच प्रेमापोटी पुढच्या बारा वर्षांत काय झालं? उत्तर अमेरिकेच्या त्याच किनाऱ्यावरच्या एका ऑर्का समूहातून 45 हून अधिक प्राणी उद्यानांसाठी पकडले गेले किंवा पकडताना मेले. बहुतेक लहान पिल्लं. तो समूह आज 75 च्या आसपास आहे आणि अजून सावरलेला नाही, कारण आता त्याला त्याचं मुख्य खाणं असलेला चिनूक सामन मासाही पोटभर मिळत नाही. राजदूत म्हणून कुणी आपली पोरं उचलून नेली, तर त्या पोरांना आपण राजदूत म्हणू का?

आणि पाहिल्याशिवाय प्रेम बसत नाही, हेही खरं नाही. 1970 साली हंपबॅक देवमाशांच्या आवाजाची तबकडी निघाली. हंपबॅक कुठल्याही टाकीत मावत नाही. लोकांनी तो आवाज फक्त ऐकला आणि देवमाशांच्या शिकारीविरुद्धच्या चळवळीला त्यातून केवढं बळ मिळालं! 1982 मध्ये व्यापारी शिकार थांबवायचा आंतरराष्ट्रीय ठराव झाला, 1986 पासून तो लागू झाला. त्या मतदानामागे एकही शो नव्हता.

प्राणिसंग्रहालयात माणूस शिकतो का, हे मोजूनही पाहिलं गेलंय. 2015 मध्ये आलेल्या एका अभ्यासात जगभरातल्या 26 प्राणिसंग्रहालयं-मत्स्यालयांतल्या 5,000 हून अधिक लोकांना आत जाण्याआधी आणि बाहेर आल्यावर प्रश्न विचारले. जैवविविधता म्हणजे काय, याची थोडीतरी समज असलेले आधी सुमारे 70 टक्के होते, नंतर 75. वाढ खरी आहे, पण पाच टक्क्यांची आहे, आणि बाहेर आल्यावर लगेच मोजलेली. सहा महिन्यांनी त्यांतल्या कुणी काही केलं का, हे त्यातून कळत नाही. मी स्वतः सहा वर्षं काचेच्या आतल्या बाजूने माणसं पाहिली आहेत. लोक त्या एका प्राण्याला मनात घरी नेतात, त्याच्या समुद्राला नाही.

मग ताई बरोबर का? टाकीबद्दल बरोबर. ब्रिटनमधला शेवटचा डॉल्फिनेरियम, म्हणजे डॉल्फिन टाकीत पाळून खेळ दाखवायची जागा, 1993 मध्ये बंद झाला. भारताने 2013 मध्ये डॉल्फिनेरियमना परवानगी न देण्याचं ठरवलं. कॅनडाने 2019 मध्ये देवमासे-डॉल्फिनना करमणुकीसाठी पाळण्यावर कायद्याने बंदी घातली. अमेरिकेत ऑर्लँडोच्या सीवर्ल्ड उद्यानात टिलिकम नावाच्या ऑर्काने 2010 मध्ये आपल्या प्रशिक्षिकेचा जीव घेतला, त्यावर लोकांचा संताप इतका वाढत गेला की 2016 मध्ये त्या कंपनीला ऑर्कांची पैदास थांबवावी लागली. हे सगळं ताईसारख्या माणसांनी घडवलं आणि ते चांगलंच झालं. हे कबूल करायला मला आठ वर्षं लागली.

पण माझं तिच्याशी भांडण राहतं ते व्हाकिटावरून. व्हाकिटा हा मेक्सिकोच्या एका आखातातच सापडणारा पॉरपॉइज, जेमतेम दीड मीटरचा. 1997 च्या मोजणीत अंदाजे 567 होते, 2016 पर्यंत 30 उरले. तोतोआबा नावाच्या माशाच्या वाताशयाला चोरबाजारात प्रचंड भाव मिळतो, त्या माशासाठी लावलेल्या गिलनेटमध्ये व्हाकिटा मरतो. 2017 मध्ये उरलेले पकडून सुरक्षित ठेवायचा प्रयत्न झाला. दोन माद्या सापडल्या. पहिली घाबरलेली दिसली म्हणून सोडून दिली, दुसरी काही तासांत मेली, आणि मोहीमच थांबवली. आज ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरलेत.

ही बातमी आली तेव्हा साहेब म्हणाले, बघा, व्हाकिटा कुठल्या मत्स्यालयात असता तर जगाने त्याला असं विसरलं नसतं. ताई म्हणाली, बघ, पकडला की मेला. दोघांनीही तो आपापल्या वादासाठी वापरला. जाळ्याचं नाव दोघांच्याही तोंडी आलं नाही. जगात वर्षाला सुमारे तीन लाख देवमासे, डॉल्फिन आणि पॉरपॉइज मासेमारीच्या जाळ्यांत अडकून मरतात, असा अंदाज आहे. सगळ्या टाक्या उद्या रिकाम्या केल्या तरी या आकड्यातला एकही कमी होणार नाही. ताई, मला त्या रात्री हेच सांगायचं होतं.

वेळेत केलं तर सांभाळून वाढवणं जमतं, हेही लिहायला हवं. चीनमधल्या यांगत्से नदीतल्या बैजी डॉल्फिनसाठी फार उशीर झाला. एक नर वूहानमध्ये टाकीत 22 वर्षं जगला, बहुतेक काळ एकटाच, 2006 च्या शोधात नदीत एकही दिसला नाही. पण त्याच नदीतल्या पॉरपॉइजना 1990 च्या दशकापासून नदीच्या तुटलेल्या जुन्या वळणात, मोकळ्या पाण्यात नेऊन ठेवलं. तिथे त्यांना पिल्लं झाली. पुढे नदीतली मासेमारीही बंद केली. 2017 मध्ये ते 1,012 होते, 2022 मध्ये 1,249 झाले. आणि कॅलिफोर्नियात माँटेरे बेचं मत्स्यालय अनाथ सी ऑटर (समुद्री पाणमांजर) पिल्लांना तिथल्या ऑटर माद्यांच्या ओटीत घालून वाढवतं, मग समुद्रात सोडतं. जवळच्या एका खाडीत 2002 ते 2016 मध्ये ऑटरांची जी वाढ झाली, तिच्यातला निम्म्याहून जास्त वाटा या पिल्लांचा आणि त्यांच्या वंशाचा होता. अशा ठिकाणी तिकीट काढायला मी रांगेत उभी राहीन.

तेव्हा मुलांना नेण्याआधी त्या संस्थेला विचारा: हे प्राणी आले कुठून? जखमी प्राणी घेता का, आणि बरे करून किती सोडता? किनाऱ्यावर मेलेला प्राणी आला तर तो तपासता का? आणि आतल्या फलकांवर जाळ्याबद्दल काही लिहिलंय का? उत्तरं मिळाली नाहीत तर परत फिरा.

दोन गोष्टी राहिल्या. टाकीतले सगळे उद्याच समुद्रात सोडा, असं माझं म्हणणं नाही. एका चित्रपटामुळे जगाचा लाडका झालेला केइको ऑर्का 2002 मध्ये आइसलंडहून मोकळा झाला, पण माणसं शोधत राहिला आणि 2003 च्या डिसेंबरात नॉर्वेत मेला. जन्मभर बादलीतून खाल्लेल्यांना समुद्राचाच एखादा कुंपण घातलेला कोपरा द्यावा, तिथे माणसांनी शेवटपर्यंत सांभाळावं. दुसरं, जाळी म्हटलं की राग मच्छीमारांवर काढू नका. अडकलेला डॉल्फिन त्यांचंही जाळं फाडतो. आवाज करणारे पिंगर जाळ्याला लावले तर काही पॉरपॉइज दूर राहतात, जाळी बदलताही येतात, पण त्याचा खर्च गरीब मच्छीमारावर टाकून चालत नाही.

ताई आता माझ्याशी बोलते. गेल्या महिन्यात तिने किनाऱ्यावर मेलेल्या एका पॉरपॉइजचे फोटो पाठवले, लांबी मोजायला शेजारी दोरी ताणून ठेवलेली. खाली विचारलं होतं, परांवरच्या या रेघा जाळ्याच्याच ना? मी तिला शेपटीच्या बुंध्याचाही एक फोटो काढायला सांगितलं, तिथे खुणा जास्त स्पष्ट दिसतात.