आमराईत फिरणारी ती दुसरी बाई

प्रिय मावशी,

मी सांगलीची, वय ३६, शाळेत शिकवते. अकरा महिन्यांपूर्वी पुण्याला जाऊन वजन कमी करायचं ऑपरेशन करून घेतलं, स्लीव्हचं, म्हणजे जठराचा मोठा भाग काढून टाकतात ते. ११४ किलोची मी आज ७२ वर आहे. शुगरची गोळी बंद झाली, गुडघे दुखायचे थांबले. तरी आरशात तीच जुनी बाई दिसते. दंडाची, पोटाची कातडी लोंबते. नवऱ्यासमोर खोलीत दिवा लावू देत नाही. ऑपरेशनचं कुणाला सांगायचं नाही, असं सासूबाईंनी तेव्हाच बजावलं होतं. कुणी विचारलं की त्या सांगतात, ‘आमराईत रोज फिरते, रात्रीचं जेवण सोडलंय.’ माझ्या नणंदेचंही वजन जास्त आहे. मी सांगितलं म्हणून ती दोन महिने रात्री नुसतं मुगाचं कढण पितेय. परवा फोनवर रडली, ‘वहिनी, माझ्यातच काहीतरी खोट आहे.’ मी गप्प बसले. नवरा म्हणतो, ‘आता तरी खूश राहा की.’ रात्री रडू येतं. कधी कधी वाटतं, सकाळी जाग नाही आली तरी चालेल. मे महिन्यात दिराचं लग्न आहे. ब्लाउज शिवायला टाकलाय, शिंप्याला सैलच शिव म्हणून सांगून आलेय.

– सांगलीची एक

अगं, मावशी म्हणालीस म्हणून अगंतुगंच करते.

सकाळी जाग नाही आली तरी चालेल, हे वाक्य तू लग्नाच्या आणि ब्लाउजच्या आधी घाईघाईत लिहून टाकलंस. मी मात्र तिथंच अडकले. असं वाटतंय हे आज रात्रीच नवऱ्याला सांग, याच शब्दांत. ही शस्त्रक्रिया झालेल्या काहीजणांचं मन पुढं फार खचतं, जिवाचं बरंवाईट करून घ्यावंसं वाटण्यापर्यंत जातं. डॉक्टरांना हे ठाऊक असतं, त्यामुळं तू काही जगावेगळं सांगणार नाहीस. १४४१६ हा सरकारच्या टेली-मानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या हेल्पलाइनचा नंबर आहे. चोवीस तास चालू, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. मिरजेच्या शासकीय रुग्णालयात मानसोपचार विभागही आहे. तिथं कुणी ओळखीचं भेटेल ही भीती मला कळते. भेटलं तर भेटलं. आणि विचार आणखी काळा झाला तर उजाडायची वाट बघू नकोस, नवऱ्याला हलवून उठव.

त्याच आठवड्यात रक्तही तपासून घे: बी१२, लोह, डी जीवनसत्त्व, थायरॉइड. यातलं काही कमी-जास्त असलं तरी माणूस गळून जातं, उगाच रडू येतं. या ऑपरेशननंतरच्या गोळ्या आयुष्यभर घ्यायच्या असतात. आता खरं सांग, घरी पाहुणे असले की त्या गोळ्या चुकतात ना? कुणी बघेल, विचारेल, म्हणून?

तुझ्या सगळ्या पत्रात मला हेच दिसतंय. इतकी बारीक झालीस, लोक तोंडभर कौतुक करतायत, पण त्यातलं तुझ्यापर्यंत काही येतच नाही. येईल कसं? ते कौतुक आमराईत फिरणाऱ्या आणि रात्रीचं जेवण सोडलेल्या बाईचं चाललंय. ती बाई सासूबाईंनी तयार केली. भूल देऊन टेबलावर झोपलेली, जठराचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग काढून दिलेली, पहिले काही आठवडे घोटघोट पाण्यावर आणि पातळ पेजेवर काढलेली बाई वेगळीच. तिला अजून कुणी ‘शाब्बास’ म्हटलेलंच नाही.

सासूबाईंना मी खलनायिका करणार नाही. ‘पैसे टाकून बारीक झाली’ हे वाक्य त्यांनी आधीच ऐकून ठेवलं असणार. आपल्याकडं दुसऱ्याच्या वजनावर बोलायला परवाना लागत नाही. जाड होतीस तेव्हा बोलत होते, आता ‘तोंड किती उतरलंय, काही आजार-बिजार नाही ना?’ म्हणत असतील.

पण नणंदेचं काय करायचं? ती बिचारी कढण पिऊन स्वतःत खोट शोधतेय. तिला फोन कर. घरी बोलावू नकोस, सासूबाई मध्ये पडतील. कृष्णाकाठी घाटावर जा दोघी, भडंगाची पुडी घ्या. तुला आता मूठभर जाईल, बाकीचं ती खाईल. आणि सांग, ‘मी खोटं बोलले. माझं ऑपरेशन झालंय. तुझ्यात खोट नाही.’ ती चिडेल. चिडू दे, तिचा हक्क आहे. सगळ्या गल्लीला सांगायची गरज नाही, पण या एकीला सांगायलाच हवं. आणि तिलाही असलं काही करावंसं वाटलं तर ते तिच्या डॉक्टरांनी तिला तपासून ठरवायचं, तुझं बघून नव्हे.

आरशाचं म्हणशील तर डोळ्यांना सवय व्हायला वेळ लागतो. इतकी वर्षं दारातून आडवी होऊन जायची सवय असलेली बाई अकरा महिन्यांत ती विसरत नाही. वजन उतरतं त्या वेगानं मेंदूतला नकाशा बदलत नाही. आठवड्यातून एकदा त्याच कपड्यात, त्याच भिंतीसमोर फोटो काढून ठेव, फक्त स्वतःसाठी.

कातडीबद्दल गोड बोलणार नाही. एवढं वजन उतरल्यावर लोंबलेली कातडी तेलानं, क्रीमनं जागेवर जात नाही. व्यायामानं आतला स्नायू भरतो, तेवढा थोडा फरक पडतो. घडीत ओल राहून पुरळ येत असेल तर अंघोळीनंतर तेवढी जागा नीट कोरडी करत जा. लोंबती कातडी काढून टाकायची शस्त्रक्रिया असते, पण वजन एका जागी थांबल्यावर, साधारण दीड वर्षानंतर. तो निर्णय आज रात्री रडताना घ्यायचा नाही.

आणखी एक तू लिहिलेलं नाहीस, तरी विचारते. पूर्वी शाळेतून डोकं तापून आल्यावर काय खायचीस? भुकेचं बरंचसं संप्रेरक जठराच्या ज्या भागात तयार होतं, तो भागच ऑपरेशनात गेला, त्यामुळं भूक कमी झाली. दिवसभराचा राग मात्र आहे तिथंच आहे. आधी तो वाटीभर फरसाणात जिरायचा, आता त्याला जायला जागा नाही. रात्रीचं रडू मला तिथून येत असावंसं वाटतं. समुपदेशकाला हे पहिल्याच भेटीत सांग.

नवऱ्याला ‘खूश राहा’ म्हणायला काय जातंय! त्याला डॉक्टरांकडं बरोबर ने, बाहेर बसवून ठेवू नकोस. आणि दिवा लगेच लावायचा नसेल तर नको लावूस. त्याचा हात धरून दंडावर ठेव, इथं असं झालंय म्हणून सांग. अंधारातही सांगता येतं.

ब्लाउजचं राहिलं. उद्या शिंप्याकडं जा आणि नव्यानं माप दे. मापाला बरोबर शिव म्हण, आत फक्त दोन शिलाया जास्तीच्या ठेवायला सांग. दोन वर्षांनी दोन-चार किलो परत येतात पुष्कळांचे, तेव्हा उसवता येईल. बाही कोपरापर्यंत हवी असेल तर कोपरापर्यंतच घे.