पहिल्या पावसावर तिफण धरायची नाही!

प्रश्न : सर नमस्कार, मी संभाजीनगरला सिडकोत राहतो, कंपनीचं काम अमेरिकेच्या टायमिंगवर चालतं, त्यातूनच आमची बारा जणांची फॅन्टसी बेसबॉल लीग सुरू झाली. पैसे नाहीत, फक्त शेवटी आला त्यानं सगळ्यांना नान खलिया खाऊ घालायचा. २०२५ ला मी अटलांटा ब्रेव्हजचा बॅटर रोनाल्ड अकुन्या ज्युनियर घेतला, गुडघ्याच्या ऑपरेशनमुळं सुरुवातीला नव्हता तरी सांभाळून ठेवला, २३ मे ला आला अन् पहिल्याच पिचला (बॉलला) ४६७ फुटांचा होमरन! मी तर पहाटे घरात ओरडलो. पण सीझन संपेपर्यंत गड्यानं बेस चोरले फक्त ९. स्टील्समधे मी तळाला, नान खलिया माझ्याच गळ्यात. जखमी प्लेअर धरून ठेवायचा का सोडून द्यायचा? आणि आता कोपराचं टॉमी जॉन ऑपरेशन झालेला एक पिचर (बॉल टाकणारा) स्वस्तात मिळायलाय, घेऊ का?
— एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : आधी ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. फॅन्टसीत आपण खऱ्या प्लेअरची कागदावर टीम बांधायची, ते तिकडं मॅचमधे जे करतील त्याचे पॉइंट आपल्याला, आणि आपण त्या टीमचे मॅनेजर. होमरन (क्रिकेटच्या सिक्सरसारखा फटका), स्टील्स (पिचर बॉल टाकत असताना पळून पुढचा बेस चोरणं) असे वेगवेगळे रकाने असतात, प्रत्येकात कोण पुढं ते बघतात.

आता तुमचं. धरून ठेवलात ते बरोबरच केलंत, चूक पुढं झाली. तुमच्या डोक्यात २०२३ चा अकुन्या होता, ४१ होमरन आणि ७३ स्टील्स, असला सीझन त्याच्याआधी कुणाचाच झाला नव्हता, आणि त्याच हिशोबानं तुम्ही स्टील्ससाठी दुसरं कुणी घेतलंच नसणार. मधे त्याचा गुडघा फाटला ना राव. तोही दुसऱ्यांदा!

इथंच खरी गंमत आहे बघा. २०२१ च्या जुलैत त्याच्या उजव्या गुडघ्याचा एसीएल (आतून हाडं बांधून ठेवणारा पट्टा, म्हणजे लिगामेंट) गेला, २०२२ ला परत आला तेव्हा होमरन १५ वर आले पण स्टील्स २९ होते, म्हणजे पळायचा पण ताकद कमी वाटायची. मग मे २०२४ ला डावा गेला, आणि २०२५ ला बरोबर उलटं, ९५ मॅचमधे होमरन २१ आणि स्टील्स ९. तीच दुखापत, तोच माणूस, पण एकदा एक रकाना रिकामा राहिला आणि एकदा दुसरा. माझा आपला अंदाज असा की तो उजव्या हातानं मारतो, त्यामुळं उजवा पाय मागचा, जोर तिथूनच येतो, म्हणून पहिल्या वेळी फटका कमी पडला असेल, आणि दुसऱ्या वेळी दोन्ही गुडघे शिवलेला माणूस पळायला स्वतःच कचरला असेल किंवा टीमनंच आवरलं असेल. त्यामुळं प्लेअर कधी परत येणार हे सगळेच विचारतात, तुम्ही विचारायचं की येताना काय मागं ठेवून येणार, आणि तेवढा रकाना दुसऱ्या कुणाकडून तरी भरून घ्यायचा.

कोपराचं गणित वेगळं. १९७४ ला डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन नावाच्या पिचरच्या कोपरातलं तुटलेलं लिगामेंट काढून तिथं त्याच्याच हाताचा टेंडन (स्नायू हाडाला जोडणारी दोरी) बसवला, तेव्हापासून ऑपरेशनलाच त्याचं नाव पडलं. गडी १९७६ ला परत आला आणि १९८९ पर्यंत खेळला, ऑपरेशननंतर १६४ मॅच जिंकल्या. पण बसवलेला टेंडन लिगामेंटसारखा घट्ट व्हायला महिने लागतात, घाई करून चालत नाही. पिचरला साधारण १२ ते १८ महिने धरा. बॅटरचं लवकर जमतं, ब्राइस हार्परचं ऑपरेशन नोव्हेंबर २०२२ ला झालं आणि तो १६० दिवसांत बॅट घेऊन उभा, मात्र सुरुवातीला नुसता बॅटिंगला, फिल्डिंग नाही, आणि होमरन मधे बरेच दिवस आटले होते. पिचिंग आणि बॅटिंग दोन्ही करणाऱ्या शोहेई ओहतानीत तर दोन्ही गोष्टी एकाच माणसात दिसतात. सप्टेंबर २०२३ ला कोपराचं ऑपरेशन, २०२४ ला नुसती बॅटिंग करून ५४ होमरन ५९ स्टील्स, आणि पिचिंगला उभा राहिला तो थेट जून २०२५ ला, तेही पहिल्या दिवशी मॅचच्या नऊपैकी एकच इनिंग.

तर पिचर घ्या, पण आयएलची (जखमी प्लेअरसाठीची वेगळी) जागा रिकामी असेल तरच, चांगला खेळणारा माणूस काढून नको. आणि रिहॅब (परतण्याआधी खालच्या लीगमधे सरावाच्या मॅच) सुरू झाला अशी बातमी आली की लगेच टीममधे उतरवायचा नाही. आपल्याकडं मिरगाचा पहिला पाऊस पडला की काही जण तिफण धरतात अन् मग पंधरा दिवस आभाळ कोरडं, दुबार पेरणी! ७५ ते १०० मिलिमीटर होऊ द्या म्हणून कृषीवाले दरवर्षी घसा कोरडा करतात. इथंही तेच. खालच्या लीगमधे रिहॅबला पिचरला एरवी जास्तीत जास्त ३० दिवस, बॅटरला २०, म्हणजे बातमीची तारीख कॅलेंडरवर टाकली की अंदाज येतो. मग तो किती पिच टाकतोय ते बघा, पाचव्या इनिंगपर्यंत पोचतोय का, आणि मुख्य म्हणजे वॉक (चार बॉल नेमाबाहेर टाकून बॅटरला फुकटचा बेस) किती देतोय, कारण स्पीड लवकर परत येतो पण नेम उशिरा येतो आणि तोवर तुमचा व्हिप (दर इनिंगला दिलेले वॉक आणि हिट यांचा रकाना) खराब करून ठेवतो. वर आल्यावर पहिले दोन-तीन स्टार्ट (त्यानं पहिल्यापासून पिचिंग केलेल्या मॅच) बेंचवर बसवा. त्यातला एखादा भारी गेला तर हळहळ वाटेल, वाटू द्या.

प्रश्न : माझा मुलगा पहाटे साडेचारला उठतो, मला वाटलं अभ्यासाला लागला, म्हणून दूध पण तापवून द्यायला लागले. बघते तर मोबाइलवर बेसबॉल! म्हणे जखमी प्लेअर उतरतोय का बघायलोय. हा सट्टा आहे का हो?
— एक आई, अंबाजोगाई

उत्तर : ताई, न्यूयॉर्कला उन्हाळ्यात संध्याकाळचे सात म्हणजे आपले पहाटेचे साडेचार, तेवढं तरी पोरगं खरं बोलायलंय. पैसे नसतील तर सट्टा नाही, बुद्धिबळासारखा छंद समजा. पण पैसे लावलेत का हे शांतपणे विचारा, कारण पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर ऑगस्ट २०२५ च्या केंद्राच्या कायद्यानं बंदी आहे, आणि मित्रामित्रांत लावले तरी ते काही चांगलं नाही. दूध बंद करू नका, फक्त मॅच चालू असताना पुस्तक उघडं ठेवायला लावा, बेसबॉलमधे दोन पिचच्या मधे वेळ बक्कळ असतो.

प्रश्न : शाळेच्या बेसबॉल टीमचा पिचर १३ वर्षांचा आहे, कोपर दुखतंय म्हणतो, पुढच्या आठवड्यात स्पर्धा. स्प्रे मारून खेळवू का?
— एक क्रीडाशिक्षक, परभणी

उत्तर : नाही. या वयात कोपराची हाडं अजून वाढत असतात, दुखणं दाबून टाकलं तर तिथलंच नुकसान होतं. अमेरिकेत १३-१४ वर्षांच्या पोराला दिवसाला जास्तीत जास्त ९५ पिच सांगितलेत, आणि या वयात ६६ किंवा जास्त टाकले की चार दिवस सुट्टी. आपल्याकडं सकाळी एक मॅच, दुपारी दुसरी, मोजतं कोण! स्पर्धेत दुसऱ्याला टाकायला लावा आणि याला हाडांच्या डॉक्टरकडं न्या, जाताना पोरानं गेल्या महिनाभरात साधारण किती पिच टाकले ते वहीच्या पानावर लिहून न्या.