लेझर या शिडाच्या होडीचं शीड जोराच्या वाऱ्यात हाताने ताणलं जात नाही, पुल्यांशिवाय काही करता येईल का?

तुमच्या जुन्या लेझरवर आउटहॉलची, म्हणजे शिडाचा मागचा कोपरा बूमच्या (शिडाखालच्या आडव्या दांड्याच्या) टोकाकडे ओढणारी, एकच सरळ दोरी आहे आणि वारा चढला की तो कोपरा हाताने हलत नाही, असं तुम्ही लिहिलंय. पुल्या नकोतच. ४ मिमीची डायनीमा, म्हणजे जवळजवळ न लांबणाऱ्या धाग्याची, दोरी घ्या. नायलॉन मुळीच नको, वाऱ्याचा झोत आला की ती रबरासारखी लांबते आणि नको त्या क्षणी शीड फुगतं.

पहिली दोरी बूमच्या मागच्या टोकाला पक्की बांधा, शिडाच्या कोपऱ्याच्या भोकातून काढा, परत टोकाच्या कडीतून घेऊन बूमला लगटून पुढे आणा. जोर इथेच दुप्पट झाला. पुढच्या टोकाला बोलाइन गाठ मारून तिच्या न सरकणाऱ्या फासात स्टीलचं थिंबल (खोबणीची छोटी कडी) बसवा. दुसरी दोरी क्लीटजवळ, म्हणजे दोरी दातांत पकडून ठेवणाऱ्या खाचेजवळ, बांधा, थिंबलमधून फिरवा आणि क्लीटमध्ये आणा. हिशेबाने चौपट जोर. घर्षणात त्यातला बराच जातो, पण उरतो तो पुरतो.

चूक होते ती थिंबलच्या जागेत. कोपरा १५ सेंमी सरकवायचा तर थिंबल ३० सेंमी पुढे येतं आणि हातात ६० सेंमी दोरी येते. शीड पूर्ण सैल असताना थिंबल क्लीटपासून निदान ३५ सेंमी मागे हवं, नाहीतर ते क्लीटला भिडतं आणि ऐन वाऱ्यात ताण थांबतो.

त्याहून महत्त्वाची ती कोपरा बूमला धरून ठेवणारी बांधणी. दोन-तीन वेढे, बूमला चिकटून, तरी सरकतील असे. सैल राहिली तर कोपरा वर उचलला जातो, तुमचा अर्धा जोर वाया जातो आणि शिडाचा खालचा भाग पोटाळलेलाच राहतो.

ताण बघायचा बूमच्या मध्यावर, शीड आणि बूम यांच्यातल्या फटीत. जोराच्या वाऱ्यात वाऱ्यासमोर वर चढताना चार बोटं, वारा पाठीशी घेतला की साधारण वीतभर. ओढण्याआधी मेनशीट (शीड आत-बाहेर करायची दोरी) सोडून शीड फडफडू द्या. भरलेल्या शिडाशी झटापट करू नका.

व्हँग, म्हणजे बूम खाली ओढणारी दोरी, आवळला की डोलकाठी वाकते आणि तिच्या कडेपासून तिरक्या सुरकुत्या पडतात. तेव्हा कनिंगहॅम, म्हणजे शिडाची पुढची कड खाली ओढणारी दोरी, ओढा. मध्यम वाऱ्यात सुरकुत्या जेमतेम जाईपर्यंत, बोट आवरेनाशी झाली तर डोलकाठीलगत उभी घडी दिसेपर्यंत. वारा पाठीशी घेताना कनिंगहॅम सोडायचा. किनाऱ्यावर आलात की सगळं सैल करून क्लीट गोड्या पाण्याने धुवा, दातांत वाळू बसली की दोरी सटकते.