सेवेचं पाचारण खरं की नुसता उमाळा, हे कसं ओळखायचं?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही वीस वर्षांच्या आहात, एसवायला शिकता. देव आपल्याला लोकांच्या सेवेसाठी बोलावतोय असं सतत वाटतं, पण पाळक व्हायचं नाही. हे पाचारण आहे की चार दिवसांचा उमाळा, ते कळत नाही. आणि घरच्यांना धास्ती, की ख्रिस्ती मुलगी सेवेला गेली म्हणजे लोक धर्मांतराचा संशय घेणार.

मी मिरजेचा. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ साली सुरू केलेल्या मिशन हॉस्पिटलच्या गावात वाढलो. त्यामुळे आमच्या घरी सेवा म्हटलं की डॉक्टर, नर्स नाहीतर पाळकसाहेब, एवढेच डोळ्यांसमोर यायचे. मी झालो हिशेबनीस. प्रभूने आपल्याला काही बोलावलेलं नाही, असं धरूनच मी चाललो होतो.

नोकरीच्या गावी एका नाताळात आमच्या चर्चचा तरुण संघ सरकारी रुग्णालयात फळं वाटायला गेला. विजापूरकडच्या एक आजी नवऱ्याच्या कॉटपाशी बसल्या होत्या, कन्नडशिवाय काही बोलता येत नव्हतं. मी दोन केळी पुढे केली. त्यांनी ती उशाशी ठेवली, माझं मनगट धरलं आणि कमरेच्या पिशवीतून घडी घातलेली एक चिठ्ठी काढून माझ्या हातात कोंबली. रक्ताचा रिपोर्ट दुसऱ्या इमारतीतल्या खिडकीवरून आणायचा होता. त्यांना वाचता येत नव्हतं, आणि आजोबांना एकटं सोडून जायचा धीर होत नव्हता. रिपोर्ट आणायला मला पाऊण तास लागला. परत आलो तोवर आमचा सगळा गट निघून गेला होता. आजींनी तो कागद दोन्ही हातांनी घेतला, आजोबांच्या उशाखाली सरकवला, आणि मग कुठे केळं सोललं.

पुढच्या रविवारी उपासना आटोपल्यावर मी एकटाच गेलो. त्याला नऊ वर्षं झाली.

मी तिथे करतो काय? केस पेपरची खिडकी दाखवतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसाठी, त्या योजनेचं काम बघणाऱ्या आरोग्यमित्राकडे जाण्याआधी रेशन कार्डावरचं आणि आधारवरचं नाव जुळतं का, ते बघतो. एका अक्षराच्या फरकासाठी माणसाला गावाला हेलपाटा पडू शकतो, आणि असा फरक हिशेबनिसाच्या नजरेला चटकन दिसतो. ज्या कामाला मी सेवेत धरतच नव्हतो, तेच तिथे उपयोगी पडलं.

पाचारणाबद्दल विचाराल तर बायबलमधली शमुवेलाची गोष्ट पुन्हा वाचा. आपल्या मंडळ्यांत ती नेहमी ‘देवाने हाक मारली’ इथून सांगतात. मला त्याच्या आधीचा भाग महत्त्वाचा वाटतो. लहानगा शमुवेल म्हाताऱ्या एली याजकाच्या हाताखाली होता, आणि एलीची नजर मंदावली होती. रात्री हाक ऐकू आली तेव्हा मुलाला वाटलं, म्हाताऱ्याला काहीतरी हवं असेल. तो उठून धावला, एकदा नाही, तीनदा. दोनदा ‘मी बोलावलं नाही, जा, झोप’ असं ऐकूनही तिसऱ्यांदा उठला. देवाचा शब्द त्याला अजून ओळखता येत नव्हता, पण म्हाताऱ्यासाठी झोपेतून उठणं मात्र जमत होतं. तुम्हीही आधी उठायला लागा. सहा महिने एकाच जागी, ठरल्या वारी, ठरल्या वेळी जा. कंटाळा येईल, एखाद्या दिवशी कुणी नीट बोलणारही नाही. तरीही पुढच्या आठवड्यात पाय तिकडेच वळले, तर तो नुसता उमाळा नाही असं मी म्हणेन.

कॉलेजमध्ये राष्ट्रीय सेवा योजना असेल तर नाव घाला. दोन वर्षांत २४० तासांचं काम असतं, आणि सगळ्या धर्मांची मुलं बरोबर असतात, हे मला फार मोलाचं वाटतं. रुग्णालयात जायचं असेल तर समाजसेवा अधीक्षकांना भेटून परवानगी घ्या. आणि जोडीने जा. फ्रेडरिक ओझानाम तुमच्याच वयाचा, पॅरिसमध्ये कायदा शिकत होता, तेव्हा १८३३ साली मित्रांबरोबर त्याने गरिबांच्या घरी जायला सुरुवात केली. त्यातूनच कॅथलिकांची सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी उभी राहिली. आम्ही प्रोटेस्टंट, पण जोडीने भेटीला जायची त्यांची रीत मी मनापासून उचलली आहे.

आता घरच्यांची धास्ती. ती खोटी नाही, तिला हसू नका. मी वॉर्डात पत्रक नेत नाही, फोटो काढत नाही. कुणी विचारलं तर ख्रिस्ती आहे असं सरळ सांगतो. कुणी आपणहून प्रार्थना करायला सांगितली तर करतो. येशूच्या दाखल्यातल्या त्या शोमरोन्याने वाटेत पडलेल्या जखमी माणसाला धर्म विचारला नाही. उतारशाळेच्या मालकाला दोन नाणी दिली आणि जास्त खर्च झाला तर परत येईन तेव्हा देतो म्हणाला. त्याचं ते ‘परत येईन’ तुमच्या आईवडिलांना वाचून दाखवा.

त्या विजापूरच्या आजी दोन रविवार भेटल्या. तिसऱ्या रविवारी कॉटवर दुसराच पेशंट होता. शेजारच्या बाई म्हणाल्या, डिस्चार्ज मिळाला. आजींचं नाव मी विचारलंच नव्हतं. आता सगळ्यात आधी तेच विचारतो, आणि त्यासाठी लागतं तेवढं कन्नड शिकलोय: निम्म हेसरेनु?