हिरवळ फेब्रुवारीत पाहिलीत, राहायचंय जुलैत

"ताई, मी ५९, हे ६४. शिकागोजवळ तीस वर्षं झाली. फेब्रुवारीत ॲरिझोनात, उत्तर स्कॉट्सडेलला, गेट असलेली एक गोल्फ वसाहत पाहून आलो आणि ह्यांचा जीव तिथेच अडकला. घराबरोबर क्लबची मेंबरशिप सक्तीची: आत शिरायचे १,५०,००० डॉलर, शिवाय महिन्याला १,८००, एचओए, म्हणजे वसाहतीच्या देखभालीची वर्गणी, वेगळी. मी गोल्फ खेळत नाही. इथे माझी रविवारची मराठी शाळा आहे, रोज चालायला तिघी मैत्रिणी आहेत. (ह्यांचा थोरला भाऊ गेल्या वर्षी गेला.) हे रोज रात्री गालिच्यावर स्टीलचा पेला आडवा ठेवून त्यात चेंडू हलकेच ढकलायचा, म्हणजे पटिंगचा, सराव करत बसतात. नाही म्हटलं तर मीच आडवी आले असं होईल. तीन आठवड्यांत सही आहे." – अर्धं सामान बांधलेली

प्रिय अर्धं सामान बांधलेली,

पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही कंसात टाकलंत. थोरला गेला की धाकटा आपली उरलेली वर्षं मोजायला लागतो, आणि मोजणाऱ्याला घाई असते. त्यात तीस हिवाळे ड्राइव्हवेवरचा बर्फ उपसलेला माणूस. त्याला ते फेब्रुवारीचं ऊन कसं लागलं असेल, हे मला कळतं. म्हणून ह्यांच्यावर मी रागावणार नाही. पण सही दोघांची आहे आणि खेळणारा एकच, हेही खरं.

तुम्ही पाहिलीत ती हिरवळ खास पेरलेली होती. तिथलं एरवीचं बर्म्युडा गवत थंडीत पिवळं पडून झोपी जातं. म्हणून सप्टेंबरअखेरीपासून ते अगदी आखूड कापून त्यावर रायगवताचं बी टाकतात, त्यासाठी मैदान दोन-तीन आठवडे बंदही ठेवतात, आणि तुमच्यासारखी गिऱ्हाइकं यायच्या सुमारास सगळं पाचूसारखं झालेलं असतं. मे उजाडला की स्नोबर्ड, म्हणजे हिवाळ्यापुरती तिथे येणारी मंडळी, घरांना कुलपं लावून उत्तरेकडे परततात. मागे राहणाऱ्यांच्या वाट्याला काय येतं? २०२३ च्या उन्हाळ्यात शेजारच्या फिनिक्स शहरात सलग ३१ दिवस दुपारचा पारा ११० फॅरनहाइट, म्हणजे ४३ सेल्सिअसच्या खाली आला नव्हता. अशा दिवसांत गोल्फ उजाडता उजाडता सुरू होतो आणि दहाच्या आत आटोपतो. हे घरी येऊन आंघोळ करून आडवे होतील. तुम्ही अकरापासून सातपर्यंत काय करणार? तुमच्या पत्रात मैदान आहे, घर आहे, हिशेब आहे. तिथला तुमचा एक अख्खा दिवस मात्र मला कुठे सापडला नाही.

फिनिक्सकडे मराठी मंडळ आहे, मराठी कुटुंबंही आहेत. पण आपली बरीचशी माणसं चँडलर-गिल्बर्टच्या बाजूला राहतात, तुमच्यापासून गाडीने पाऊण तास. त्यातली कुणी यायची म्हटली की फाटकावर आधी नाव कळवा. "इकडून चाललेच होते, म्हटलं डोकावावं" हा प्रकारच संपला. मला तर एवढ्यानेच घुसमटायला होईल. तुम्हाला होईल की नाही, ते तुम्ही ठरवा.

आता क्लबचे कागद. महिन्याचे १,८०० म्हणजे वर्षाचे २१,६००, खेळा वा न खेळा, शिकागोला नातवंडांकडे जाऊन राहा वा रुग्णालयात. त्यावर बऱ्याच क्लबांत जेवणखाण्याची किमान रक्कम असते. तेवढ्याचं खाल्लं नाही तरी बिलात लागते. क्लबहाउसचं नूतनीकरण निघालं किंवा पाण्याच्या जुन्या पाइपलाइन बदलायला झाल्या की 'असेसमेंट' म्हणून वेगळी वर्गणी येऊ शकते. हे सगळं विक्री करणारी मुलगी विचारलंत तर सांगेलही. मी विचारीन ते बाहेर पडायचं. राजीनामा दिला की महिन्याचे पैसे त्याच महिन्यात थांबतात, की यादीत नाव लागतं? काही क्लबांत नवे सभासद आले की मगच जुने सुटतात, आणि तोवर मीटर चालूच. दीड लाखातले किती परत मिळतात, कधी मिळतात, हे लेखी घ्या. मेंबरशिप घराला बांधलेली असेल, तर उद्या तुमचं घर घेणाऱ्यालाही ती घ्यावी लागेल. म्हणजे गिऱ्हाइकं आपोआप कमी. आणि एक प्रश्न तुम्ही स्वतः विचारा, ह्यांच्यासमोर विचारा, अवघड वाटलं तरी: मेंबर गेला तर बायकोच्या नावावर काय येतं, सवलत की फक्त बिल?

पाणी कुठून येतं, तेही विचारून ठेवा. स्कॉट्सडेलच्या हद्दीबाहेर रिओ व्हर्दे फूटहिल्स नावाची वस्ती आहे. शहराने १ जानेवारी २०२३ पासून तिथे जाणाऱ्या टँकरना पाणी देणं बंद केलं आणि शेकडो घरांची पळापळ झाली. तुमची वसाहत शहराच्या हद्दीत असेल तर हा प्रश्न एका वाक्यात मिटेल.

नकार देऊ नका. "हो, पण आधी जुलै" असं म्हणा. सहीची तारीख पुढे ढकला आणि त्याच भागात पूर्ण जुलैभर भाड्याने राहा. ह्यांच्या खेळाची काळजी नको. दरवर्षी फिनिक्स ओपन ही गोल्फची मोठी स्पर्धा जिथे भरते ते टीपीसी स्कॉट्सडेलचं मैदानसुद्धा मेंबर नसताना पैसे भरून खेळता येतं, आणि भर उन्हाळ्यात दर पुष्कळ उतरलेले असतात. हे पहाटे खेळायला गेले की तुम्ही मंडळात फोन लावा, रविवारी शाळा असेल तर जाऊन बसा, चँडलरचा तो पाऊण तास एकदा स्वतः गाडी चालवून बघा. महिन्याअखेरी तुम्हीच "घेऊया" म्हणालात तर मला आश्चर्य वाटणार नाही. मेंबरशिप सक्तीची नसलेलं शेजारचं घर घेऊया, असंही निघेल कदाचित.

पण त्याआधी एक करा. आज रात्री तो पेला आडवा झाला की टीव्ही बंद करून गालिच्यावर त्यांच्याशेजारी बसा. गोल्फचं काही काढू नका, भावाबद्दल विचारा. वर्ष झालं, तुमच्या घरात तो विषय अजून कंसातच आहे असं दिसतंय.

– ताई