फ्रँकलिनचे दगड घरी आल्यावर चमकत का नाहीत?

प्रश्न : आम्ही एडिसनला राहतो. न्यू जर्सीतच फ्रँकलिनला जस्ताच्या जुन्या खाणीचा ‘बकव्हीट डंप’ (खाणीतून काढून टाकलेल्या दगडांचा ढीग) आहे. तिथले काही दगड यूव्ही (अतिनील) उजेडात रंगीत चमकतात, म्हणून मुलांसाठी वेचून आणले. घरी ३९५ नॅनोमीटरची यूव्ही टॉर्च मारली, तर सगळे नुसते जांभळट दिसतात. काही दगड स्वच्छ व्हावेत म्हणून व्हिनेगरमध्ये ठेवले, ते खडबडीत झाले. काय चुकलं?

उत्तर : टॉर्च चुकली. ३९५ मध्ये डोळ्यांना दिसणारा जांभळा उजेड बराच असतो, दगडावरून तोच परत येतो. फ्रँकलिनच्या दगडांतल्या विलेमाइट आणि कॅल्साइट या खनिजांना शॉर्टवेव्ह (कमी तरंगलांबीचे) यूव्ही किरण लागतात, २५४ नॅनोमीटरच्या आसपासचे. मग विलेमाइट झगझगीत हिरवं आणि कॅल्साइट निखाऱ्यासारखं केशरी-लाल दिसतं. दोन्ही करामती त्यांच्यातल्या मँगनीज धातूच्या. साधी काच हे किरण अडवते, त्यामुळे काचेच्या कपाटाबाहेरून दिवा मारून उपयोग नाही. शॉर्टवेव्हने डोळे आणि त्वचा भाजते. पॉलिकार्बोनेटचा चष्मा लावा आणि दिवा मुलांच्या हाती देऊ नका.

काळे दाणे चमकले नाहीत म्हणून दगड टाकू नका. ते फ्रँकलिनाइट, म्हणजे खाणीचं मुख्य खनिज. सोबतचे लाल दाणे बहुधा झिंकाइट, तेही जस्ताचंच खनिज. डंपवर भर दिवसा निवडतानाही हीच खूण धरा : पांढऱ्यात काळे दाणे आणि आकाराच्या मानाने जड. खात्री करायची तर दिवा आणि डोकं दोन्ही जाड काळ्या कापडाखाली घ्या.

व्हिनेगरमध्ये कॅल्साइट विरघळतं, ते बुडबुडे त्याचेच. पाणी आणि जुना टूथब्रश पुरे. कपड्यांची पावडर तर नकोच : तिच्यातलं शुभ्रता आणणारं द्रव्य भेगांत राहून यूव्हीखाली निळसर चमकतं आणि हार्डिस्टोनाइट (यूव्हीखाली निळं-जांभळं चमकणारं इथलं खनिज) सापडल्याचा आनंद फुकट होतो. वरचा थर मळकट, झिजलेला असेल तर चमक दबते. दगड ओला करून, गॉगल लावून फोडा, ताजी बाजू वर ठेवा. धूळ नाकात जाऊ देऊ नका, नंतर हात धुवा. ठिकाण आणि तारीख त्याच दिवशी लिहून ठेवा.

प्रश्न : डंपऐवजी थेट जुन्या खाणीत उतरता येईल का?

उत्तर : नाही. फ्रँकलिनची खाण १९५४ साली बंद झाली, जवळच्या ऑग्डेन्सबर्गची स्टर्लिंग हिल १९८६ साली. पंप थांबले की खालचे मजले पाण्याखाली जातात. स्टर्लिंग हिलचा वरचा भाग मार्गदर्शकासोबत पाहता येतो, पण तिथल्या भिंतीवर छिन्नी चालवायची नाही.